अमेरिकेत नर्सची नोकरी आणि हँडगन बाळगण्याचा परवाना: टेक्सासमधील नवागतांसाठी मार्गदर्शन

टेक्सासमध्ये नर्स म्हणून काम करणाऱ्या मराठी मंडळींकडून, विशेषतः ज्यांना ग्रीन कार्ड मिळून फार काळ लोटलेला नाही त्यांच्याकडून, एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. छुप्या रीतीने हँडगन बाळगण्याचा परवाना घेतला, तर नर्सिंगच्या परवान्याला किंवा नोकरीला बाधा येते का? प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॅलसमधील एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात गोळीबार होऊन एका नर्ससह दोन कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला, त्यानंतर तर तो अधिकच विचारला जाऊ लागला. मी स्वतः टेक्सासमध्ये नोंदणीकृत नर्स आहे आणि हा परवाना रीतसर घेतलेला आहे. त्या काळात जी माहिती मला तुकड्या-तुकड्यांनी गोळा करावी लागली, ती एका जागी मिळावी म्हणून हे लिहीत आहे.

थोडक्यात उत्तर असे की परवाना घेतल्याने नर्सिंगच्या कारकिर्दीला धक्का लागत नाही. ड्युटीच्या वेळी तुमचे पिस्तूल नेमके कोठे आहे, यावर मात्र नोकरी, नर्सिंगचा परवाना आणि ग्रीन कार्ड या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. पुढील सारे विवेचन याच मुद्द्याभोवती आहे.

१. सर्वप्रथम आपला व्हिसा तपासा

अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या बाळगण्यास मनाई आहे. एच-१बी, एच-४, विद्यार्थी व्हिसा, पर्यटक व्हिसा हे सारे त्यात येतात. शिकारीचा वैध परवाना असल्यास मिळणारी सूट, असे काही मोजके अपवाद कायद्यात आहेत. परंतु इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय कोणीही त्यांच्या भरवशावर राहू नये.

भारतातून येणाऱ्या बहुतेक नर्स ईबी-३ या वर्गातून, म्हणजे थेट ग्रीन कार्डावर येतात. ग्रीन कार्डधारकाला बंदूक विकत घेता येते आणि टेक्सासचा परवानाही मिळू शकतो. मात्र आधी पतीच्या नोकरीमुळे एच-४ वर आलेल्या, येथे एनक्लेक्स ही नर्सिंग परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन ग्रीन कार्डाची वाट पाहत असलेल्या भगिनींनी हे नीट लक्षात घ्यावे की अर्ज दाखल झाला म्हणजे कार्ड मिळाले असे होत नाही. कार्ड प्रत्यक्ष मंजूर होईपर्यंत शूटिंग रेंजवर मैत्रिणीचे पिस्तूल हातात घेणेसुद्धा टाळावे.

ग्रीन कार्ड मिळाल्यावरही एक धोका कायम राहतो, आणि येथे जन्मलेल्या सहकाऱ्यांना तो नसल्याने त्या याविषयी कधी बोलत नाहीत. बंदूक बेकायदा बाळगल्याबद्दल किंवा जवळ ठेवल्याबद्दल दोषी ठरलेल्या बिगर-नागरिकाला देशाबाहेर काढण्याची तरतूद इमिग्रेशनच्या कायद्यात आहे. ज्या गुन्ह्यासाठी अमेरिकन सहकारी दंड भरून सुटेल, त्याच गुन्ह्यासाठी आपल्यावर हद्दपारीची कारवाई सुरू होऊ शकते. नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत हे विसरून चालणार नाही.

२. भारतातील शस्त्र परवान्याची कल्पना बाजूला ठेवा

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त परवाना देतात, त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते आणि परवान्यावर त्या विशिष्ट शस्त्राची नोंद असते. त्यामुळे परवाना मिळाला म्हणजे सरकारने विश्वास टाकला आणि आता कोणी हटकणार नाही, अशी समजूत आपल्या मनात घट्ट असते. टेक्सासची रचना अगदी वेगळी आहे. येथे पिस्तूल विकत घेण्यासाठी राज्याचा परवाना लागत नाही. ‘लायसन्स टू कॅरी’, ज्याला सारे एलटीसी म्हणतात, तो परवाना अंगावर हँडगन बाळगण्यासंबंधी आहे आणि तो व्यक्तीला मिळतो, शस्त्राला नव्हे.

शिवाय १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षे पूर्ण झालेल्या आणि बंदूक बाळगण्यास अन्यथा पात्र असलेल्या व्यक्तीला या परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. मग परवाना घ्यायचा कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. मला त्याची तीन कारणे पटली. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या परिघात बंदूक नेण्यावर फेडरल बंदी आहे, आणि ज्या राज्यात ती शाळा आहे त्याच राज्याचा परवाना असेल तर त्या बंदीतून सूट मिळते. शहरात गाडी चालवताना असा परिघ ओलांडल्याशिवाय हॉस्पिटल गाठणे जवळपास अशक्य असते. दुसरे, शेजारची काही राज्ये टेक्सासचा परवाना मान्य करतात. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षणाच्या वर्गात कायदा नीट शिकवला जातो.

३. कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

हे काम सरळ आहे. अर्ज डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीकडे, म्हणजे डीपीएसकडे, ऑनलाइन करायचा असतो. पुढील गोष्टी आधीच हाताशी ठेवाव्यात:

– टेक्सासचे ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचे ओळखपत्र
– ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचा पुरावा
– सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि चालू ई-मेल पत्ता
– गेल्या पाच वर्षांतील राहण्याचे पत्ते आणि नोकऱ्यांचा तपशील
– गुन्हे, मद्य, अमली पदार्थ आणि मानसिक आजार यांसंबंधीच्या प्रश्नांची खरी उत्तरे, आणि असल्यास न्यायालयीन कागद
– प्रशिक्षण पूर्ण केल्याचे एलटीसी-१०० हे प्रमाणपत्र
– ४० डॉलर अर्ज शुल्क. नेमबाजीचा वर्ग आणि बोटांचे ठसे यांचा खर्च वेगळा

वर्ग चार ते सहा तासांचा असतो. त्यातील कायद्याचा भाग ऑनलाइन पूर्ण करता येतो, परंतु नेमबाजीची परीक्षा मान्यताप्राप्त प्रशिक्षकासमोरच द्यावी लागते. त्यात ३, ७ आणि १५ यार्डांवरून एकूण ५० गोळ्या झाडायच्या असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. ज्यांनी आयुष्यात कधी पिस्तूल हातात घेतलेले नाही, त्यांनी थेट परीक्षेला जाऊ नये. प्रशिक्षकाकडे आधी एखादा प्राथमिक वर्ग करावा.

बोटांच्या ठशांबाबत नर्सचा हमखास गोंधळ होतो. नर्सिंग बोर्डासाठी आपण ठसे दिलेले असतात, त्यामुळे ते याही कामाला चालतील असे वाटते. ते चालत नाहीत. केंद्र तेच असू शकते, पण प्रत्येक कामाचा सेवा-संकेतांक वेगळा असतो, म्हणून वेळ ठरवताना एलटीसीचाच संकेतांक दिला आहे ना, हे तपासावे. सर्व कागद पोहोचल्यावर डीपीएसला निर्णयासाठी ६० दिवसांची मुदत असते. पहिला परवाना साधारण चार वर्षांचा आणि नूतनीकरणानंतरचा पाच वर्षांचा असतो. पत्ता बदलल्यास ३० दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. दर वर्षी अपार्टमेंट बदलणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

४. नर्सिंग बोर्ड या परवान्याकडे कसे पाहते

टेक्सासच्या नर्सिंग बोर्डाच्या अर्जात किंवा नूतनीकरणात शस्त्र परवान्याची चौकशी केली जात नाही. परवाना ही शिस्तभंगाची नोंद नव्हे. उलट तो मिळण्यासाठी पार्श्वभूमी तपासणीतून जावे लागते. परवानाधारकांची नावे गोपनीय असतात आणि ती पोलिसांसारख्या यंत्रणांनाच मिळू शकतात. नोकरी देणारी संस्था जी नेहमीची पार्श्वभूमी तपासणी करते, तिच्यात तुमचा एलटीसी दिसत नाही.

बोर्डाचे लक्ष असते ते गुन्ह्यांकडे. प्रलंबित आरोप, शिक्षा, तसेच डिफर्ड ॲडजुडिकेशन, म्हणजे गुन्हा कबूल करून देखरेखीखाली राहण्याच्या अटीवर शिक्षा टळलेले प्रकरण, याबाबत बोर्ड विचारते आणि ते लपवणे हा वेगळा गैरप्रकार ठरतो. एखाद्या राज्याने केलेली शिस्तभंगाची कारवाई नर्सिस या राष्ट्रीय नोंदणीत दिसते. त्यामुळे टेक्सासमधील प्रकरण पुढे ओहायोतील मुलाखतीतही समोर येऊ शकते.

काही कारणे अशी आहेत की त्यांचा परिणाम दोन्ही परवान्यांवर एकदम होतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या किरकोळ वाटणाऱ्या गुन्ह्यातही दोषी ठरल्यास फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, आणि बोर्डही त्याची दखल घेते. गांजाचे उदाहरण तर नर्सने आवर्जून समजून घेतले पाहिजे. काही राज्यांत तो कायदेशीर आहे, पण फेडरल कायद्यात तो अजूनही नियंत्रित पदार्थ आहे. कोलोरॅडोला सुटीवर जाऊन घेतलेला गांजा हॉस्पिटलच्या चाचणीत आढळला तर नोकरी आणि नर्सिंगचा परवाना दोन्ही अडचणीत येतात. शिवाय बंदूक खरेदीच्या फेडरल अर्जात अशा सेवनाबद्दल थेट प्रश्न आहे आणि त्याचे खोटे उत्तर देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मानसिक आरोग्याविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण भीतीपोटी उपचार टाळणाऱ्या नर्स मी पाहिल्या आहेत. थकव्यासाठी किंवा दुःखासाठी स्वतःहून समुपदेशकाकडे जाणे ही फेडरल बंदीचे कारण ठरणारी गोष्ट नाही. ती बंदी न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेल्या किंवा सक्तीने दाखल केलेल्या व्यक्तींसाठी आहे. टेक्सासचा कायदा एलटीसी देताना काही विशिष्ट निदानांचाही विचार करतो, म्हणून अर्जातील प्रश्न शब्दशः वाचावेत. पण मन खचलेले असेल तर आधी उपचार घ्यावेत आणि त्या काळात घरात पिस्तूल आणू नये. परवाना पुढच्या वर्षीही मिळेल.

५. हॉस्पिटलच्या दाराशी परवान्याची हद्द संपते

टेक्सासच्या दंडविधानानुसार परवानाधारक हॉस्पिटलच्या आणि नर्सिंग होमच्या इमारतीत, तेथील प्रशासनाच्या लेखी परवानगीशिवाय, हँडगन नेणे हा गुन्हा आहे. तो ‘क्लास ए मिसडिमीनर’ या वर्गात मोडतो आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद व ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. येथील ‘परवानाधारक हॉस्पिटल’ म्हणजे राज्याचा परवाना असलेले हॉस्पिटल. तुमच्या खिशातील एलटीसीने या बंदीतून सूट मिळत नाही. युनिट मॅनेजरने तोंडी ‘चालेल’ म्हटले, तरी त्याला काही अर्थ नाही. आणि लेखी परवानगी सामान्य नर्सला मिळेल, अशी आशा धरू नये.

डॉक्टरांचे क्लिनिक, डायलिसिस केंद्र, शस्त्रक्रियेचे छोटे केंद्र यांची स्थिती वेगळी आहे. ती हॉस्पिटल म्हणून नोंदलेली नसतील तर दारावरील फलक पाहावा. कलम ३०.०६ चा उल्लेख असलेला फलक परवानाधारकाला छुपी हँडगन आणण्यास मनाई करतो, तर ३०.०७ चा फलक उघडपणे बाळगलेल्या हँडगनसाठी असतो. फलक नसला म्हणून कर्मचाऱ्याला मुभा मिळाली असेही समजू नये. कायद्याने गुन्हा नसलेली गोष्टही संस्थेच्या नियमात बडतर्फीचे कारण असू शकते. टेक्सासमध्ये नोकरी बहुधा ‘ॲट विल’ तत्त्वावर असते, म्हणजे कायद्याने निषिद्ध अशा कारणाखेरीज मालक कधीही काढून टाकू शकतो. रुजू होताना ज्या जाडजूड पुस्तिकेवर आपण घाईघाईत सही करतो, तिच्यात शस्त्रांवरील नियम असतो. तो शोधून वाचावा आणि त्याची प्रत घरी ठेवावी.

कायद्याच्या पलीकडे आपल्या कामाचेही एक म्हणणे आहे आणि ते मला कायद्याइतकेच महत्त्वाचे वाटते. कमरेला नाडी बांधायच्या स्क्रबमध्ये, म्हणजे वॉर्डातील सैल गणवेशात, पिस्तूल सुरक्षित राहत नाही. रुग्णाला उचलताना, कुशीवर वळवताना, गोंधळलेल्या वृद्धाला धरताना ते कोणाच्याही हाती लागू शकते. एमआरआयचे चुंबक तर सदैव चालू असते. २०२३ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे आईला तपासणीसाठी घेऊन आलेल्या एका वकिलाच्या कमरेचे पिस्तूल यंत्राने खेचले, त्यातून गोळी सुटली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. वॉर्डात स्वसंरक्षणासाठी शस्त्र आणावे, असे कितीही मनात आले तरी तेथील सर्वांत दुर्बळ माणूस रुग्ण आहे, हे नर्सने विसरता कामा नये.

हल्ल्याची भीती खरी आहे, आणि तिच्यावर हॉस्पिटलकडून उपाय मागण्याचा आपल्याला हक्क आहे. २०२३ मध्ये टेक्सासने केलेल्या कायद्यानुसार हॉस्पिटलांना कामाच्या ठिकाणच्या हिंसाचाराविरुद्ध समिती, लेखी धोरण आणि योजना करणे १ सप्टेंबर २०२४ पर्यंत बंधनकारक करण्यात आले. घटनेची तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यावर सूड उगवण्यासही त्यात मनाई आहे. तुमच्या हॉस्पिटलची ती योजना मागून घ्या. रात्रपाळी संपल्यावर गाडीपर्यंत सुरक्षारक्षक सोबत देण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. संकोच न करता ती वापरा.

रुग्णाच्या कपड्यांत पिस्तूल आढळले, तर आपल्याला ते हाताळता येते म्हणून गोळ्या काढायला जाऊ नये. हात न लावता सुरक्षा विभागाला बोलवावे. तुमचे प्रशिक्षण तुमच्या शस्त्रापुरते आहे.

६. पार्किंगचा नियम आणि त्यातील फटी

ड्युटीला जाताना पिस्तूल गाडीत ठेवता येते का, हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. टेक्सासच्या कामगार कायद्यात २०११ पासून अशी तरतूद आहे की कायदेशीरपणे बंदूक बाळगणाऱ्या कर्मचाऱ्याला ती आपल्या खासगी मालकीच्या, कुलूपबंद गाडीत, मालकाने कर्मचाऱ्यांसाठी दिलेल्या पार्किंगमध्ये ठेवण्यास मालक मनाई करू शकत नाही. दंडविधानातील ‘इमारत’ या व्याख्येतूनही पार्किंग वगळलेले आहे. म्हणजे बहुतेक खासगी हॉस्पिटलांमध्ये हा मार्ग मोकळा आहे.

पण त्याच्या अटी नीट पाहा. गाडी तुमची हवी. संस्थेने दिलेली गाडी असेल तर ही तरतूद लागू होत नाही. पार्किंग मालकाने कर्मचाऱ्यांसाठी दिलेले हवे. ह्यूस्टनच्या टेक्सास मेडिकल सेंटरसारख्या भागात आपण कधी कधी तिसऱ्याच कोणाच्या गॅरेजमध्ये पैसे भरून गाडी लावतो, तेथे हे संरक्षण गृहीत धरू नये. आणि गाडी म्हणजे तिजोरी नव्हे. अमेरिकेत गाड्या फोडून बंदुका चोरण्याचे प्रमाण मोठे आहे आणि बारा तास एकाच जागी उभी राहणारी नर्सची गाडी चोराला सोयीची असते. सीटखाली लोखंडी तारेने जखडलेली छोटी तिजोरी बसवावी. पिस्तूल घरून निघतानाच तिच्यात ठेवावे. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर, कमरेचे काढून ठेवण्याचा उद्योग करू नये. बारा तासांच्या पाळीला निघताना पिस्तूल घरीच ठेवावे, असे माझे स्वतःचे मत आहे.

७. व्हेटरन्स हॉस्पिटल, लष्करी तळ, शाळा आणि घरभेटी

ह्यूस्टनचे मायकल डीबेकी मेडिकल सेंटर किंवा सॅन अँटोनिओचे ऑडी मर्फी हॉस्पिटल यांसारखी व्हेटरन्स अफेअर्सची (व्हीए), म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या फेडरल विभागाची, हॉस्पिटले ही फेडरल मालमत्ता आहेत. तेथे फेडरल नियम चालतात आणि ते संपूर्ण आवाराला लागू आहेत. पार्किंगही त्यातून सुटलेले नाही. टेक्सासचा पार्किंगचा कायदा तेथे तुमच्या मदतीला येत नाही. सॅन अँटोनिओचे ब्रुक आर्मी मेडिकल सेंटर लष्करी तळावर आहे. तेथे तर प्रवेशद्वारावरच प्रश्न उभा राहतो. एजन्सीमार्फत काम करणाऱ्या नर्सने हे विशेष सांभाळावे, कारण एका आठवड्यात खासगी हॉस्पिटल आणि पुढच्या आठवड्यात व्हीए, असे काम येऊ शकते आणि गाडीतील तिजोरी मात्र तीच राहते.

शाळेच्या नर्सने शाळेच्या इमारतीत लेखी अधिकाराशिवाय हँडगन नेऊ नये. टेक्सासमध्ये तो फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे.

घरोघरी जाणाऱ्या नर्सची स्थिती सर्वांत अवघड असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कनेक्टिकटमधील विलिमँटिक येथे रुग्णभेटीला गेलेल्या एका नर्सचा खून झाला आणि त्यानंतर त्या राज्याने घरभेटी देणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी कायदा केला. एकटीने अनोळखी घरात शिरताना भीती वाटणे स्वाभाविक आहे. तरीही बहुतेक होम हेल्थ एजन्सी भेटीच्या वेळी शस्त्र जवळ बाळगण्यास मनाई करतात. ही मनाई मोडल्यास नोकरी जाते आणि घरात काही घडले, तर व्यावसायिक जबाबदारीचा विमा गोळीबाराला नर्सिंगची सेवा मानेल, अशी अपेक्षा करता येत नाही. एजन्सीकडे पत्त्याची आगाऊ माहिती, धोकादायक घरी दोघींनी जाण्याची सोय आणि आणीबाणीच्या बटणाचे उपकरण मागावे, आणि धोका वाटल्यास भेट न देता परत फिरण्याचा अधिकार लेखी घ्यावा.

८. ट्रॅव्हल नर्स: दोन परवान्यांचे नकाशे वेगळे आहेत

ट्रॅव्हल नर्स, म्हणजे थोड्या आठवड्यांच्या करारावर वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी नर्स. नर्स लायसन्शर कॉम्पॅक्टमुळे, म्हणजे एकमेकांचे नर्सिंग परवाने मानण्याच्या राज्यांमधील करारामुळे, टेक्सासचा बहुराज्य परवाना अनेक राज्यांत चालतो. याच सवयीने शस्त्र परवानाही चालेल असे वाटते आणि येथेच मोठी फसगत होते. ओक्लाहोमा, लुइझियाना, आर्कान्सा ही शेजारची राज्ये एलटीसी मान्य करतात. न्यू जर्सी आणि मेरीलँड ही राज्ये मात्र नर्सिंगच्या कॉम्पॅक्टमध्ये असूनही टेक्सासचा शस्त्र परवाना मानत नाहीत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि इलिनॉय येथे तर दोन्ही परवाने वेगळे काढावे लागतात. न्यूयॉर्कने २०२२ च्या कायद्यात आरोग्यसेवेच्या जागा शस्त्रबंदीच्या संवेदनशील स्थळांत घातल्या आहेत.

याचे परिणाम किती कठोर असतात, हे आरोग्यसेवेतल्याच एका प्रसिद्ध प्रकरणातून दिसते. फिलाडेल्फियात रक्ताचे नमुने घेण्याचे काम करणाऱ्या एका महिलेकडे पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना होता. २०१३ मध्ये न्यू जर्सीत पोलिसांनी तिची गाडी थांबवली, तेव्हा जवळ पिस्तूल असल्याचे तिने स्वतःहून सांगितले. तिला अटक झाली आणि काही वर्षांच्या सक्तीच्या कैदेची टांगती तलवार तिच्यावर राहिली. पुढे २०१५ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी तिला माफी दिली. आपण ग्रीन कार्डावर असताना अशा माफीच्या भरवशावर राहता येणार नाही.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना वाटेतील राज्यांतून बंदूक नेण्यास १९८६ च्या फेडरल कायद्याचे संरक्षण आहे, पण त्यासाठी ती रिकामी, कुलूपबंद आणि हाताशी न येणाऱ्या जागी हवी, आणि दोन्ही टोकांच्या राज्यांत ती बाळगणे तुमच्यासाठी कायदेशीर हवे. तेरा आठवड्यांच्या करारावर राहायला जाणे म्हणजे ‘वाटेत असणे’ नव्हे. करारावर सही करण्यापूर्वी त्या राज्याचा नियम त्या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचावा. शंका राहिल्यास पिस्तूल टेक्सासमध्येच ठेवावे.

९. घर, पाहुणे आणि भारताचा प्रवास

सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागेल अशा रीतीने भरलेली बंदूक ठेवणे टेक्सासमध्ये गुन्हा आहे. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या आईने तर तिजोरीशिवाय पिस्तूल घरात आणूच नये.

आई-वडील किंवा भाऊ पर्यटक व्हिसावर आल्यावर ‘टेक्सासची गंमत’ म्हणून त्यांना शूटिंग रेंजवर नेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ होत आहे. कृपया असे करू नका. तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीच्या हाती बंदूक देणे त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही फेडरल गुन्हा ठरू शकतो. पती एच-१बी वर असतील तर तिजोरीची किल्ली आणि संकेतांक फक्त तुमच्याकडेच असावा.

रेंजवर नेण्याची बॅग वेगळी ठेवा आणि ती कधीही प्रवासाला वापरू नका. खणात राहून गेलेले एक जिवंत काडतूससुद्धा मुंबई विमानतळावर सापडले, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि टेक्सासचा परवाना तेथे काहीही कामाचा नाही.

१०. नोकरीच्या ठिकाणी किती बोलावे

काहीच बोलू नये. परवान्याचा उल्लेख रेझ्युमेत करू नका, मुलाखतीत काढू नका, ब्रेकरूममध्ये छायाचित्रे दाखवू नका. सहकाऱ्याशी वाद झाला असताना ‘माझ्याकडे परवाना आहे’ हे साधे वाक्यही धमकी म्हणून नोंदले जाऊ शकते. पोलिसांनी ओळखपत्र मागितल्यास आणि पिस्तूल जवळ असल्यास मात्र ड्रायव्हिंग लायसन्ससोबत एलटीसी दाखवणे कायद्याने आवश्यक आहे. त्या वेळी हात स्टिअरिंगवर ठेवून शांतपणे सांगावे.

११. अटक झाली किंवा आरोप दाखल झाला, तर

घाईत कोणताही कबुलीजबाब देऊ नये. ‘किरकोळ प्रकरण आहे, डिफर्ड ॲडजुडिकेशन घ्या, रेकॉर्डवर शिक्षा राहणार नाही’ असा सल्ला येथे सर्रास दिला जातो. टेक्सासच्या दृष्टीने तो खरा असतो. इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र गुन्हा कबूल करून मिळालेले डिफर्ड ॲडजुडिकेशन शिक्षेसारखेच धरले जाते, आणि नर्सिंग बोर्डालाही ते सांगावे लागते. बिगर-नागरिक आरोपीला हद्दपारीच्या परिणामांची कल्पना देणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेला आहे; त्यामुळे पहिल्याच भेटीत आपण नागरिक नाही हे वकिलाला सांगावे आणि इमिग्रेशनच्या वकिलाचे लेखी मत आल्याशिवाय कशावरही सही करू नये. त्यानंतर नर्सच्या परवान्याची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाकडून बोर्डाला काय, कधी आणि कोणत्या शब्दांत कळवायचे ते ठरवून घ्यावे. या तिन्ही वकिलांचे दूरध्वनी क्रमांक एलटीसीचा अर्ज भरतानाच शोधून घरातील दुसऱ्या माणसाकडे देऊन ठेवावेत, कारण अटकेच्या वेळी आपला फोन आपल्या हातात नसतो.